अठ्ठावीस दात, एकशे अडुसष्ट आकडे

अक्कलदाढा सोडल्या तर मोठ्या माणसाच्या तोंडात २८ दात असतात. त्यातला एक दात नेमका कुठे आणि कसा उभा आहे हे सांगायला सहा आकडे लागतात. पुढे-मागे किती, आत-बाहेर किती, वर-खाली किती, हे तीन. शेजारच्या दाताकडे किती कललाय, ओठाकडे किंवा जिभेकडे किती झुकलाय आणि स्वतःभोवती किती फिरलाय, हे आणखी तीन. २८ गुणिले ६ म्हणजे १६८. एका तोंडातल्या दातांची जागा पूर्णपणे सांगायची तर १६८ आकडे हवेत.

आता हे आकडे अगदी ढोबळ करून टाकू. प्रत्येकाला तीनच उत्तरं ठेवू: बरोबर, थोडं इकडे, थोडं तिकडे. अशा किती रचना होतील? ३ चा १६८ वा घात. तो लिहायला १ वर ८० शून्यं द्यावी लागतात, आणि खरं उत्तर त्याच्याही जवळपास दीडपट आहे. आपल्याला दिसू शकणाऱ्या साऱ्या विश्वात मिळून किती अणू असावेत याचा प्रचलित अंदाजही १ वर ८० शून्यं असाच आहे. एखाद्या संगणकाने सेकंदाला एक लाख कोटी रचना तपासल्या आणि विश्वाच्या जन्मापासून आजवर तो थांबलाच नाही, तरी त्याच्या तपासून झालेल्या रचना १ वर ३० शून्यांपर्यंतसुद्धा पोहोचणार नाहीत.

हा हिशेब फुगलेला आहे, हे खरं. दोन दात एकाच जागी उभे राहू शकत नाहीत. जीभ आतून रेटते, ओठ आणि गाल बाहेरून दाबतात, त्यामुळे असंख्य रचना तोंडात उतरतच नाहीत. पण दर लाख कोटी रचनांतली एकच शक्य आहे असं धरलं, तरी १ वर ६८ शून्यं उरतातच. दात वेडेवाकडे आलेल्या दोन मुलांची तोंडं कधीच एकसारखी का नसतात, त्याचं उत्तर इथे आहे. तार लावणारा ऑर्थोडॉन्टिस्ट या ढिगातून एक रचना निवडतो आणि तीही मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शापर्यंत नेमकी. ती निवड तो मापांच्या आधारे करतो, आणि मापांचं हे शास्त्र मला फार मोलाचं वाटतं.

हे शास्त्र उभं राहिलं ते मूठभर तोंडांवर. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वाकड्या दातांची वर्गवारी मांडली. सगळं तोंड सोडून त्यांनी पहिली कायमची दाढ धरली. वरच्या दाढेचा पुढचा बाहेरचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत बसला तर पहिला वर्ग, खालची दाढ मागे राहिली तर दुसरा, पुढे गेली तर तिसरा. इतक्या प्रचंड शक्यतांना तीन खण, आणि सव्वाशे वर्षांनंतरही जगभरच्या केसपेपरवर पहिली नोंद याच तीन वर्गांची होते. त्यानंतर १९४८ साली विल्यम डाउन्स यांनी चेहऱ्याच्या एक्स-रेवरची सरासरी मापं दिली, ती १२ ते १७ वयाच्या २० गोऱ्या मुलामुलींवरून. वेन बोल्टन यांनी १९५८ साली ५५ उत्तम जुळलेल्या तोंडांचे साचे मोजले. लॉरेन्स अँड्र्यूज यांनी तर कधीच उपचार न झालेल्या, तरीही सुंदर जुळलेल्या दातांचे १२० साचे जमवले आणि त्यांत समान काय आहे ते शोधलं. १९७२ साली त्यांनी सहा लक्षणं प्रसिद्ध केली. आज जगात तारेसाठी दातावर चिकटवले जाणारे बहुतेक ब्रॅकेट त्या १२० साच्यांतून आलेल्या कल्पनेवर बनतात. २०, ५५ आणि १२०, बेरीज १९५. पृथ्वीवर आज आठशे कोटींहून अधिक माणसं आहेत.

बोल्टन यांचा हिशेब घरी कागद-पेन्सिलीने करून बघण्यासारखा आहे. दंतरचनेच्या पाठ्यपुस्तकात दातांची सरासरी रुंदी दिलेली असते. वरच्या जबड्यात मधल्या पटाशीपासून मागे मोजत गेलं तर ८.५, ६.५, मग सुळा ७.५, दोन उपदाढा ७ आणि ७, पहिली दाढ १० मिलिमीटर. एका बाजूची बेरीज ४६.५, दोन्ही बाजूंची ९३. खालच्या जबड्यात ५, ५.५, ७, ७, ७ आणि ११. दोन्ही बाजू धरून ८५. खालची बेरीज वरच्या बेरजेच्या किती टक्के? ९१.४. बोल्टन यांना त्या ५५ तोंडांत मिळालेली सरासरी होती ९१.३. पुढच्या सहा दातांपुरती ती ७७.२ होती. वरची बारा दातांची कमान आणि खालची बारा दातांची कमान एकमेकींत नीट बसायची असेल तर रुंदीचं हे प्रमाण जमावं लागतं.

आता खालच्या बारा दातांतला प्रत्येक दात फक्त पाव मिलिमीटर जास्त रुंद आहे असं समजा. आरशात ते कुणालाच कळणार नाही. पण बारा पाव म्हणजे ३ मिलिमीटर. खालची बेरीज ८८ झाली, प्रमाण ९४.६ टक्क्यांवर गेलं. अशा तोंडात कितीही कुशलतेने तार ओढली तरी एकतर खाली गर्दी राहते किंवा वर फटी राहतात. त्यावर एक उपाय म्हणजे दातांच्या कडा किंचित घासून जागा करणं. एका कडेवरून पाव मिलिमीटर, म्हणजे दोन दातांमधल्या सांध्यात अर्धा, अशा सहा सांध्यांतून ते ३ मिलिमीटर मिळतात.

पाव मिलिमीटर म्हणजे काय चीज आहे हे समजून घ्यायला हवं. दाताचं बाहेरचं कवच, एनॅमल, बारीक बारीक दांड्यांचं बनलेलं असतं. एका दांडीची जाडी ४ ते ५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा हिस्सा. खालच्या बाजूच्या एका पटाशीच्या दातात अशा सुमारे ५० लाख दांड्या असतात आणि वरच्या पहिल्या दाढेत १ कोटी २० लाखांच्या आसपास. दात हिरडीखाली घडत असताना पेशी रोज साधारण ४ मायक्रॉन एनॅमल रचतात. पाव मिलिमीटर रचायला त्यांना दोन महिने लागतात. दात तोंडात उगवला की त्या पेशी संपतात, पुन्हा कधीच येत नाहीत. म्हणून आधी प्रत्येक दात कॅलिपरने मोजायचा, प्रमाण काढायचं आणि मगच घासायला घ्यायचं. अंदाजाने घासणं मला अक्षम्य वाटतं.

वाढत्या मुलाच्या तोंडात तर जे अजून उगवलेलंच नाही तेही मोजावं लागतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे पटाशीचे कायमचे दात आलेले असतात, सुळे आणि उपदाढा हिरडीखाली असतात. त्यांना जागा पुरेल का? टनाका आणि जॉन्स्टन यांनी १९७४ साली यासाठी थक्क व्हावं इतकं साधं सूत्र दिलं. खालच्या चार पटाशीच्या दातांच्या रुंदीची बेरीज करा, तिची निम्मी घ्या, त्यात १०.५ मिलिमीटर मिळवा. खालच्या जबड्यात एका बाजूचा सुळा आणि दोन उपदाढा मिळून साधारण तेवढी जागा लागणार. वरच्या जबड्यासाठी १०.५ ऐवजी ११. चार दातांची बेरीज २३ आली तर ११.५ अधिक १०.५, म्हणजे २२ मिलिमीटर. मुलाच्या जबड्यात त्या जागी २० मिलिमीटरच असतील तर दोन मिलिमीटरचा तुटवडा आजच कळला, दात यायच्या दोन-तीन वर्षं आधी.

इथे निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. दुधाच्या मागच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात. हेज नॅन्स यांनी १९४७ साली हा फरक मांडला. सुळा धरून हिशेब केला तर खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सरासरी १.७ मिलिमीटर जागा शिल्लक उरते, वरच्या जबड्यात ०.९. दुधाची दाढ किडली आणि ‘पडणारच आहे, काढून टाका’ म्हणून ती वेळेआधी काढली, की मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि ही शिल्लक गिळून टाकते. पुढे त्या मुलाला तार लागते, कधी चांगले दात काढावे लागतात. आपल्याकडे घराघरांत दुधाच्या दातांकडे जे दुर्लक्ष होतं त्याची किंमत अशी मिलिमीटरमध्ये मोजता येते.

दात मोजून झाले, तरी ते ज्यात रोवलेले आहेत तो जबडा उरतोच. १९३१ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या हॉली ब्रॉडबेंट यांनी आणि त्याच वर्षी जर्मनीत होफ्राथ यांनी डोकं एका चौकटीत स्थिर धरून बाजूने एक्स-रे काढण्याची पद्धत दिली. ब्रॉडबेंट यांनी एक्स-रेची नळी डोक्याच्या मध्यापासून ५ फुटांवर पक्की ठेवली. अंतर दरवेळी तेच, म्हणून आजचा एक्स-रे आणि दोन वर्षांनंतरचा एक्स-रे एकमेकांवर ठेवून वाढ मोजता आली. १९५३ साली सेसिल स्टायनर यांनी या चित्रावरचे काही कोन निवडले. कवटीच्या तळाशी एक बिंदू, नाकाच्या मुळाशी दुसरा, आणि तिथून वरच्या व खालच्या जबड्याच्या पुढच्या बिंदूंपर्यंत रेघा. वरच्या जबड्याचा कोन ८२ अंश, खालच्याचा ८०, फरक २. फरक वाढला तर खालचा जबडा मागे किंवा वरचा पुढे. फरक शून्याखाली गेला तर उलट.

२ अंश म्हणजे प्रत्यक्षात किती? नाकाच्या मुळापासून वरच्या जबड्याच्या त्या बिंदूपर्यंतचं अंतर साधारण ५ ते ६ सेंटिमीटर असतं. तेवढ्या लांबीवर १ अंश म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर. एक्स-रेवर बिंदू अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे पडला की अर्ध्या अंशाची चूक झाली. केवळ दात हलवायचे की जबड्याची शस्त्रक्रिया करायची, हा मुलाच्या आयुष्यातला मोठा प्रश्न कधीकधी चार-पाच अंशांच्या फरकावर येऊन ठेपतो. शिवाय ८२ आणि ८० हे आकडे अमेरिकेतल्या गोऱ्या चेहऱ्यांचे. फ्रान्समधल्या पाँट यांनी १९०९ साली पटाशीच्या दातांवरून कमानीची रुंदी काढायचं सूत्र दिलं, तेही फ्रेंच तोंडांवरून. इतर समाजांत ते नीट लागू पडत नाही हे पुढे अनेकदा दिसलं. भारतीय लोकांसाठी वेगळी मापं काढण्याचं काम आपल्याकडच्या दंतमहाविद्यालयांत होत आलं आहे आणि ते अतिशय गरजेचं आहे. ओठ जरा भरलेले आणि दात किंचित पुढे असणं अनेक भारतीय चेहऱ्यांना शोभून दिसतं. परक्या सरासरीला जुळवण्यासाठी अशा मुलाचे चार निरोगी दात काढणं हा मला अन्याय वाटतो.

आता ताकदीचे आकडे बघा. निरोगी माणूस दाढांनी ६०-७० किलो वजनाइतका जोर लावू शकतो. रोज सुपारी फोडणाऱ्याच्याही दाढा त्यामुळे जागा सोडत नाहीत. तारेतून ऑर्थोडॉन्टिस्ट एका दातावर लावतो तो जोर ५० ग्रॅमच्या आसपास, आणि त्याने दात सरकतो. फरक वेळेचा आहे. दिवसभरात वरचे आणि खालचे दात प्रत्यक्ष टेकलेले असतात ते सगळं मिळून २० मिनिटांच्या आसपास. दात हलायला जोर रोज निदान सहा तासांच्या आसपास सतत लागावा लागतो. लहान मूल झोपेत तासन् तास अंगठा चोखतं तेव्हा दात पुढे येतात ते याच हिशेबाने.

दात हाडात थेट घट्ट बसवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो, जाडी जेमतेम ०.२ मिलिमीटर. तार ओढली की एका बाजूचा थर दबतो, दुसऱ्या बाजूचा ताणला जातो. दबलेल्या बाजूला हाड विरघळतं, ताणलेल्या बाजूला नवं तयार होतं. श्वार्त्स यांनी १९३२ साली दाखवलं की दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम दाब योग्य, कारण केशवाहिन्यांतल्या रक्ताचा दाब साधारण तेवढाच असतो. त्याहून जास्त दाबलं की त्या ०.२ मिलिमीटरच्या थरातलं रक्त थांबतं, तिथल्या पेशी मरतात आणि दात काही आठवडे अडून बसतो. ‘डॉक्टर, जरा जोरात आवळा, लवकर संपू दे’ असं म्हणणाऱ्या पालकांना हे कळायला हवं. जास्त जोर म्हणजे जास्त वेळ.

वेग किती? चांगला चालला तर महिन्याला १ मिलिमीटर. सेकंदाच्या हिशेबात ०.४ नॅनोमीटर, म्हणजे दर सेकंदाला एक-दोन अणूंच्या रुंदीएवढं अंतर. भारतीय उपखंड ज्या भूपट्टावर आहे तो वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे. त्याच्या तुलनेत दात चौपट संथ.

तारेचं गणितही असंच विलक्षण आहे. गोल तारेचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा सोळापट. उपचाराच्या सुरुवातीला निकेल-टायटॅनियमची ०.०१२ इंची तार घालतात, नंतर ०.०१६ इंची. फरक इंचाच्या हजाराव्या हिश्शाच्या चौपट, म्हणजे ०.१ मिलिमीटर. ताठपणा मात्र तिपटीहून जास्त. पुढे चौकोनी तारा येतात. ब्रॅकेटची खाच ०.०२२ इंच आणि तार ०.०१९ इंच असेल तर मध्ये ०.००३ इंच, म्हणजे ७६ मायक्रॉनची मोकळीक राहते. एवढ्या मोकळिकीत दाताच्या झुकावाचे सुमारे १० अंश हरवतात. वरच्या मधल्या दातासाठी अँड्र्यूज यांच्या ब्रॅकेटमध्ये ७ अंश झुकाव भरलेला असतो, रॉथ यांच्या ब्रॅकेटमध्ये १२, एमबीटी नावाच्या पद्धतीत १७. कागदावरचा हा मोठा फरक ७६ मायक्रॉनच्या फटीत बराचसा विरून जातो. ही गळती जो जाणतो तोच डॉक्टर शेवटचे महिने तारेला हाताने बारीक वाक देत बसतो.

तारेऐवजी वापरायचे पारदर्शक अलायनरही याच मापांवर चालतात. एका साच्यात दात साधारण पाव मिलिमीटर सरकवायचा, मग पुढचा साचा. ६ मिलिमीटर अंतर कापायचं तर २४ साचे. इन्व्हिसअलाइन नावाचे अलायनर बनवणारी कंपनी १९९७ साली सुरू झाली आणि दीड कोटीहून अधिक लोकांनी तिचे साचे वापरले आहेत. हे प्रचंड उत्पादन आहे आणि त्यातला प्रत्येक नग दुसऱ्यापासून वेगळा.

मोजणारी यंत्रंही आता मायक्रॉनवर आली आहेत. पूर्वी प्लास्टरचा साचा आणि कॅलिपर असे, आता तोंडात कॅमेरा फिरवून त्रिमितीय चित्र मिळतं. दोन-चार दातांपुरती त्याची चूक २०-३० मायक्रॉन असते, पण पूर्ण कमानीवरून फिरताना चुका साठत जातात आणि १०० मायक्रॉनपर्यंतही जाऊ शकतात. याउलट आपले दात वरखाली टेकवताना मध्ये २० मायक्रॉनचा पापुद्रा आला तरी माणसाला कळतं. जेवताना घासात आलेला केस दातांखाली लगेच जाणवतो, आणि केस त्याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. नवीन कॅप किंवा फिलिंग ‘उंच लागतंय’ असं रुग्ण म्हणतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावा.

अशा मापांवर सरकारी पैशाचे निर्णयही होतात. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत १८ वर्षांखालच्या मुलांना तार फुकट मिळते, पण गरज असेल तरच. ती ठरवणारा निर्देशांक ब्रुक आणि शॉ यांनी १९८९ साली दिला. त्याच्या पाच पायऱ्या आहेत. वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या ६ मिलिमीटरहून जास्त पुढे आले असतील तर चौथी पायरी, ९ हून जास्त असतील तर पाचवी, दोन्हींत उपचार मिळतो. नेमके ६ असतील तर जास्तीत जास्त तिसरी, आणि मग दिसण्याचं वेगळं गुणांकन जमलं तरच. पट्टीवरची एक रेघ मुलाचा उपचार ठरवते.

मात्र माझ्या मते या सगळ्यात सर्वांत बोलका आकडा उपचारानंतरचा आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रॉबर्ट लिटल यांनी १९७५ साली खालच्या पुढच्या सहा दातांमधल्या पाच सांध्यांची सरक मिलिमीटरमध्ये मोजून बेरीज करायची पद्धत दिली. बेरीज शून्य म्हणजे सरळ ओळ, १० च्या वर म्हणजे फारच वाकडी. याच पट्टीने त्यांनी उपदाढा काढून उपचार केलेल्या ३१ जणांना, तारेनंतर दात जागेवर धरणारा रिटेनर सुटल्यावर २० वर्षांनी मोजलं. दात समाधानकारक ओळीत राहिले होते फक्त १० टक्क्यांचे, म्हणजे तिघांचे. एवढी तार, एवढा खर्च, काढलेल्या उपदाढा, आणि शेवटी ३१ पैकी ३. हिरडीतले ताणलेले तंतू सैल व्हायला एका वर्षाहून जास्त वेळ घेऊ शकतात आणि वयाबरोबर कमान थोडी आखडतच जाते. त्यामुळे तार निघाल्यावर मिळणारा रिटेनर हा उपचाराचाच भाग आहे. तो कपाटात पडून राहिला तर आधीची सगळी मापं वाया.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे. मूल सात वर्षांचं झालं की एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा, लगेच तार लावायची म्हणून नव्हे, जागेचा हिशेब आजच कळावा म्हणून. तार लावायची ठरली तर आधी विचारा: जागा किती मिलिमीटर कमी आहे, वरचे दात किती पुढे आहेत, जबड्यांच्या कोनात फरक किती, वरच्या-खालच्या रुंदीचं प्रमाण किती. दात काढायला सांगितला तर कुठल्या मापावरून, तेही विचारा. चांगला डॉक्टर ही मापं आनंदाने कागदावर मांडून दाखवतो. आणि उपचाराआधीचा साचा, एक्स-रे किंवा स्कॅनची फाइल मागून घ्या, घरी जपून ठेवा. वीस वर्षांनी दात पुन्हा सरकले तर मूळ जागा सांगायला तेवढाच पुरावा हाताशी असेल.